दोन बोटं माया

…न्हाई, मला एक सांगा, पोपटाचा खांदा कुठं असतोय? हसू नका! तुमाला सांगतो, बत्तीस वर्षं झाली बसवकल्याणात शिलाई मशीन चालवायलोय, पैलवानांच्या मानेचं माप घेतलो, जुळ्या पोरींचे झंपर एकीचंच माप घेऊन शिवलो, रामराव मास्तरचा एक पाय आखूड, त्यांची पँट अशी शिवलो की शाळेत कुणाला कळलं न्हाई. अन् आजपस्तोर आमच्या गावात एक माणूस दुकानाची पायरी चढून 'नागनाथ, माप चुकलं' म्हणलेला न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई! माप चुकलं न्हाई माझं! अन् आता ह्या वयात एका पाखरानं… जाऊ द्या. न्हाई, जाऊ कामून द्या? ऐकाच.

हे पाखरू आमच्या स्नेहलचं. स्नेहल म्हणजे माझी पोरगी, नर्स हाय. हिथं ज्या दवाखान्यात कामाला होती, तिथल्या डाक्टरांचा हा पोपट. हिरवा न्हाई हं, हिरवा पाळायला बंदी हाय. हा परदेशी, राखी रंगाचा, शेपूट तेवढं लाल, अन् रीतसर कागद असलेला… माझ्या मशिनीला कागद न्हाई, पर ह्याला हाय! ते डाक्टर परदेशात गेले, जाताना पोपट स्नेहलला देऊन गेले, तवापासून गल्लीत ह्याचं नावच पडलं डाक्टर. तर हा डाक्टर बोलतोय. कुणाच्या आवाजात? स्नेहलच्या. हुबेहूब! घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान, तिथंच पडद्याआड ह्याचा पिंजरा. दुपारी एक वाजला की आतून आवाज, 'पप्पा, जेवा की!' नवं गिऱ्हाईक असलं की म्हणतंय, जावा, पोरगी हाका मारायली. मी म्हणतो, पोरगी न्हाई, डाक्टर हाय. गिऱ्हाईक माझ्याकडं असं बघतंय! मग मी उठतो, आमची विमलबाई ताट वाढती, भाकर मला, वरची अर्धी डाक्टरला. ठरलेलं.

दिवाळीनंतर स्नेहलला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. ती गेली, अन् ह्यानं स्वतःच्या छातीची पिसं उपटायला चालू केलं. आधी शर्टाच्या बटनाएवढं उघडं दिसायलं, मग कोटाच्या बटनाएवढं. डाक्टरला उचललो अन् हुमनाबादला जनावरांच्या डाक्टरकडं नेलो, पिंजऱ्यातच, बसमधून. पिंजरा झोके खायला, हा आत धडका मारायला, पंखातून रक्त आलं बगा! त्या डाक्टरांनी आधी मला झापलं, मग म्हणाले, 'ह्याला औषध नको, ह्याला तुमची पोरगी पाहिजे. तिच्याकडं नेऊन ठेवा, न्हाईतर हे पाखरू हाती लागायचं न्हाई. पर पिंजऱ्यात नेऊ नका, प्रवासाची पेटी घ्या. उभारता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पर पंख पसरून फडफडायला जागा नको. मोठी नको, लहान नको. मापात पाहिजे.'

मापात! कुणाला सांगायलेत? मला!

आलो, टेप काढलो, डाक्टरला टेबलावर घेतलो. म्हणलो, सरळ उभारा. उभारतोय व्हय! टेपाचं एक टोक शेपटाला लावलो की हा वळून ते टोक बघायला. दुसरं टोक चोचीला लावलो की चोचीतच धरला. तेराच्या आकड्याजवळ असा चावा घेतला की तेरा गायब! आजबी माझ्या टेपात बारानंतर चौदा येतंय, अन् वर स्नेहलच्या आवाजात मलाच, 'पप्पा, जेवा की!' सकाळचे नऊ वाजलेत, जेवा की म्हणे!

तेवढ्यात आमचे शेजारी सिद्धप्पा आले. कापडाचं दुकान हाय त्यांचं, माणूस देवमाणूस, पर सल्ला दिल्याबिगर चहा पचत न्हाई. दारातूनच, 'नागनाथअण्णा, माप शेपूट धरून घेतलाव का शेपूट सोडून?' म्हणलो, शेपूट धरून. 'हौदा, असं व्हय? अन् मान वर केली तर?' म्हणलो, मान वर करून. 'अन् चिडला, फुगला तर?' आता काय सांगावं! माणूस चिडंल म्हणून शर्टाचं माप कोणी वाढवतंय काय?

पर खरं सांगू? मी वाढवलो. आमच्या धंद्यात शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवतेत, उद्या माणूस सुटला तर उसवून मोठं करता यावं. त्याला माया म्हणतेत. शाळेच्या ड्रेसला माया, नवरीच्या झंपराला माया, हात आपोआप जातोय. डाक्टरच्या मापालाबी ठेवलो. पाखरू सात वर्षांचं, वाढून वाढून काय वाढणार हाय? पर ठेवलो.

मग सिद्धप्पांची सून शिवलीला मोबाईल घेऊन आली. 'काका, ऑनलाईन मागवू. एम का एल?' तुमाला सांगतो, माझं टाळकं सटकलं! एम का एल! ह्या एम-एलनंच माझं दुकान खाल्लं. आधी लग्नसराईत रांग लागायची, आता लोक येतेत, मोठ्या दुकानातला तयार शर्ट आणतेत अन् म्हणतेत, 'मामा, जरा बाही आखूड करून द्या.' मी काय बाह्या कापायला बसलोय? अन् ह्या डाक्टरला एम का एल? म्हणलो, शिवलीला, माणूस एम नसतोय, माणूस एल नसतोय, माणूस माणूस असतोय! ती बिचारी शांतपणानं म्हणली, 'व्हय काका. पर पोपट एम हाय का एल?'

…एल म्हणलो. माया धरून एलच येत होता.

आली पेटी. पेटी कसली, त्यात शेळीचं करडू मावलं असतं! तरी म्हणलो बघू. डाक्टरला आत घातलो, सिद्धप्पांच्या स्कूटरवर मागं पेटी धरून बसलो, बस स्टँडपर्यंत चाचणी. पहिल्याच स्पीडब्रेकरला डाक्टर ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर! ब्रेक दाबला की पुढं, सोडला की मागं. आतून स्नेहलच्या आवाजात 'पप्पा! पप्पा!' अन् रस्त्यावरची माणसं आमच्याकडं अशी बघायली, जणू पोरीला डब्यात घालून पळवायलोय! घरी आलो तर विमलबाई म्हणली, 'माप चुकलं जणू.' म्हणलो, माप चुकलं न्हाई माझं! कंपनीचा एल मोठा हाय!

दुसऱ्या बारीला जिद्दीनं धाकटी मागवलो. अंगाबरोबर, फिटिंग. त्यात डाक्टर बसला, म्हणजे घातला तर बसला. शेपूट पँटीच्या पायासारखं दुमडलं, मान पासपोर्टच्या फोटोला बसवल्यासारखी वाकडी. तसाच बसून एका डोळ्यानं मला बघायला. काय बघणं होतं ते! विमलबाई दारातून, 'ह्याबी बारीला?' माप चुकलं न्हाई माझं, हे पाखरू रोज वेगळ्या मापाचं असतंय!

मग म्हणलो, मरू दे तुमचं ऑनलाईन. मी शिंपी हाय! सिद्धप्पांकडनं जाड कॅनव्हास आणलो, आत तारेचा सांगाडा, पुढं जाळीची खिडकी, आडवी दांडी, खाली काढता येणारं अस्तर. चार दिवस खपलो. काय शिलाई झाली, काय शिलाई! डाक्टरला आत ठेवलो, पेटी हलवलो… अन् डाक्टर ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर. परत मोठी!

विमलबाई कोपऱ्यात तांदूळ निवडायली होती. सूप खाली ठेवली. 'आवं, बत्तीस वर्षांत माणसाचं माप चुकलं न्हाई, अन् एका पाखराचं तीनदा चुकतंय? महिना झाला. तिकडं पोरगी रोज इचारायली, कवा आणताव. तुमी मुद्दाम करायलाव.'

'माप चुकलं न्हाई माझं!' मी वरडलो. आता उघडच वरडलो.

'व्हय,' ती म्हणली. 'माप न्हाई चुकलं. माया जास्त ठेवलाव.'

मशीन पुसायला घेतलो. पुसलेलीच होती. पोरगी गेली तवा मी रडलो न्हाई, म्हणलो, नोकरीला गेलीय, चांगलं हाय. कारण दुपारी एक वाजता हाक यायचीच की! तिचीच हाक, तिच्याच आवाजात. आता हाक बी सोलापूरला पाठवायची, ती बी मीच, स्वतःच्या हातानं पेटी शिवून! हात कसा चालावा?

सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढलो तर खाली पिसंच पिसं. छातीवर माझ्या पंजाएवढं उघडं, कातडी लाल. मी माझ्या कानाच्या सुखासाठी त्याची छाती सोलायलो होतो, दुसरं काय! लाज वाटली. टेप घेतलोच न्हाई. एक दोरा घेतलो, डाक्टर झोपेत होता तवा हळूच लावलो, डाक्टर होता तेवढाच दोरा तोडलो. माया शून्य. पेटी उसवलो, कापलो, परत शिवलो. डाक्टर आत गेला, उभारला, एक गिरकी घेतला, दांडीवर बसला. पेटी हलवलो. हलला न्हाई! असं बसलं होतं माप, असं… अन् मला जरा सुद्धा आनंद झाला न्हाई बगा.

उमरग्यावरनं सोलापूरच्या बसमध्ये बसलो. पेटी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, 'पेटीत काय हाय?' मी आपला घाईत, 'डाक्टर.' तो दोन पावलं मागं सरकला! मग एक वाजला अन् पेटीतून आवाज, 'पप्पा, जेवा की!' पुढच्या सीटवरच्या एका म्हातारबाबानं गुपचूप डबा उघडला.

सोलापूरला स्नेहल स्टँडवर आली होती. खोलीवर जाऊन जाळी उघडली, डाक्टर बाहेर आला, तिच्या हातावरून खांद्यावर, खांद्यावरून गालाला चोच लावून बसला. मागं वळून बघावं मेल्यानं? न्हाई! अन् तिच्या कानात पहिला शब्द काय बोलावा? माझ्या आवाजात, माझ्याच चिडक्या आवाजात, 'माप चुकलं न्हाई माझं!' महिनाभर दुसरं ऐकलंच काय होतं त्यानं? स्नेहल हसली, हसता हसता डोळे पुसायली. म्हणली, 'पप्पा, आता रोज तुमी हिथं हाव.'

तिथं हाय मी. हिथं कोण हाय? दुपारी एक वाजतोय अन् काय होत न्हाई. पहिल्या दिवशी तीन वाजेपस्तोर बटनांची काजं करीत बसलो. विमलबाईनं पोरीला कळवलं असणार, कारण आता रोज एकला फोन वाजतोय, व्हिडिओवाला. समोर डाक्टर. छातीवर कोवळी पिसं फुटलेत. स्नेहल मागून शिकवायली, 'म्हण डाक्टर, पप्पा, जेवा की.' अन् हा डोळा बारीक करून माझ्याकडं बघतोय अन् माझ्यावरच वरडतोय, 'माप चुकलं न्हाई माझं!' स्वतःच्या आवाजात स्वतःला शिव्या खाल्लाव का कवा? शेवटी तिलाच म्हणावं लागतंय, 'पप्पा, जेवा की!'… उठतो मग. करता काय?

ताटावर बसलो की भाकर, अन् वर अर्धी. डाक्टरच्या वाटणीची. डाक्टर न्हाई, तरी रोज अर्धी जास्त! काल विमलबाईला म्हणलो, अगं, माप चुकायलंय तुझं. तव्यावरची नजर न काढता म्हणली, 'माप चुकलं न्हाई माझं. माया ठेवलीय. खावा गपचिप!'

…खायलोय.