पाटीखालचं बेअरिंग

थकवा म्हणजे काय ते मला विचारा. वर्षात चौथ्यांदा तेच बेअरिंग बदललंय मी, आमच्या वारज्याच्या कारखान्यातल्या धूर ओढणाऱ्या मोठ्या पंख्याचं. साहेबांचा हुकूम: चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत पंखा बंद, वीज वाचवा. तशी पाटीसुद्धा लावलीय.

शेवटी झिजलेलं बेअरिंग घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "साहेब, पंख्याचा दांडा फिरत असला की स्वतःच तेल खाली ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. थांबला की खाली बसतो, धातूवर धातू. परत सुरू केला की थर धरेपर्यंत घासतो. झीज होते ती तेवढ्यातच."

"मग तेल जास्त घाला."

"तेल भरपूर आहे हो. पंखा फिरता ठेवा, एवढंच म्हणतोय."

"पाटी वाचली नाहीत का आपण?"

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. साहेब डबा घेऊन उठले. केबिन रिकामी राहणार म्हणून मी निघताना एसीच्या बटणाकडे हात नेला.

"अहो, तो राहू दे चालू," साहेब म्हणाले. "सारखं बंद-चालू केलं की खराब होतो."

मी जेवायच्या आधी पाचवं बेअरिंग मागवून टाकलं.