उकिडवी बसणारी पोर

तुम्ही कधी श्वास अडकलेल्या लेकराला फोकानं मारलंय का? मी मारलंय. ताई, आधी हे लिहून घ्या, मग माझं बाकीचं लिहा.

मी कमल, माहेर खुलताबादचं, बाप दर्ग्यापाशी फुलं विकायचा. बाप मारायचा, आई मारायची, मार खाल्ल्यानंच लेकरू सरळ होतं हे आम्हाला पक्कं ठाऊक, आणि तेवढंच शहाणपण घेऊन मी शेंद्र्याला नांदायला आले. नवरा कंपनीत, मी लोकांच्या शेतात खुरपायला, आणि पोर आमची सोनी. काय सांगू तुम्हाला, शेताच्या वाटेवर चार पावलं चालली की बसली, गुडघे पोटाशी घेऊन उकिडवी, तिथंच धुळीत. ऊठ म्हणलं की नुसती बघायची. सासू म्हणायची, नाटकं आहेत, आईवर गेलीय. ते आईवर गेलीय मला लई लागायचं, मग मी निंबाचा फोक मोडायचे. पोटऱ्यांवर वळ उठायचे. रडता रडता तिचे ओठ जांभळे व्हायचे, तर मी म्हणायचे, चोरून जांभळं खाल्लीस व्हय? जांभळांचा हंगाम नसतानासुद्धा.

एक दिवस अंगणवाडीच्या शमीमबाईंनी वाटेतच माझा हात पिरगाळला, फोक हिसकून मोडला. म्हणाल्या, कमल, येडी झालीस का, तिची नखं बघ. निळी होती. रोज वेणी घालणाऱ्या आईला दिसली नाय. म्हणाल्या, बसल्यावर तिला श्वास मिळतो गं, जीव वाचवतीय ती पोर.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. काळजाला जन्मापासून भोक, आणि फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद. छाती उघडून भोक बुजवायचं, वाट मोठी करायची. नाय केलं तर एक दिवस अशीच बसेल अन् उठणार नाय.

घरी सांगितलं तर सासू म्हणाली, पोरीची छाती फाडणार? उद्या कोण करून घेईल तिला? ह्यांनी मान डोलावली. मी म्हणलं, नेणार. ह्यांनी थोबाडीत दिली, मी भिंतीवर आदळले, दात ओठात घुसला, तरी म्हणलं, नेणार. दुसरी पडायच्या आत मी मुसळ उचललं आणि ह्यांच्या खांद्यावर घातलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्यापेक्षा मोठ्या माणसाला मारलं. आणि पोरीला काखेत घेऊन निघाले.

ऑपरेशनला नेताना सोनी म्हणाली, आई, मी आत झोपले तर फोक नाय ना आणणार? दार लागलं. मी तिथंच फरशीवर बसले, उकिडवी. मलाच श्वास मिळंना. हे कामावरच्या कपड्यातच आले, सुजलेला खांदा धरून, शेजारी बसले. आत तिचं काळीज थांबवलेलं, रक्त मशीन फिरवत होतं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, जा, ओठ बघा पोरीचे. गुलाबी.

आता सोनी दुसरीत आहे. पळते, मी मागं पडते. सासू अजून म्हणते, गळ्यापर्यंत बटणं लाव. पोर ऐकत नाय. छातीवरचा व्रण डॉक्टरांचा, त्यानं ती जगली. पोटरीवर एक बारीक खूण राहिलीय, ती माझी.

तुम्ही शिकलेली माणसं, एवढं करा. वाटेत उकिडवं बसलेलं लेकरू दिसलं, अन् त्याच्यावर उगारलेला हात दिसला, तर आधी तो हात धरा. मग लेकराची नखं बघा, निळी असली तर मायलेकरांना तिथूनच दवाखान्यात न्या. ती आई तुम्हाला शिव्या देईल. देऊ द्या. हात सोडू नका.