आत्तींचं नाक आणि घासलेटाची बाटली

त्या मंगळवारी सकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरी दूध करपलं बघा, आणि चुलीपुढं बसूनही मला वास आला नाही. सर्दीतापाच्या साथीतून मी आणि माझ्या सासूबाई नुकत्याच उठलो होतो. त्यांना मी आत्ती म्हणते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पान हुंगून त्याची प्रत सांगावी ती त्यांनीच.

धूर बघून आत्ती धावत आल्या. "नाकापुढं दूध जळतंय आन् तुला कळंना? लेकराला काय पाजशील, देव जाणे!"

तेव्हापासून बाळाचं दूध, तेल सगळं त्या हुंगायच्या. माझं गेलेलं नाक परत येतंय की नाही, याची मी मात्र रोज वाट बघायची.

पंधराव्या दिवशी आत्ती बाळाला घेऊन न्हाणीत बसल्या. तळहातावर तेल घेऊन टाळूवर थापणार, तेवढ्यात माझ्या नाकात उग्र वास शिरला.

"आत्ती, थांबा! घासलेट हाय ते!"

"गप गं. खोबरेल हाय. हुंगूनच घेतलंय मी."

मी बाटली उचलून दाखवली. कंदिलात ओतायची बाटली ती! आत्तींचा हात तिथंच थांबला.

"तुमचं बी नाक गेलंय व्हय?"

"तुझ्यासंगंच गेलतं," त्या हळूच म्हणाल्या. "वखारीत बोलू नगंस गं."

मी बाळाला छातीशी धरलं आणि त्या बाटलीचा पुन्हा एकदा पोटभर वास घेतला. माझं नाक परत आलं होतं!

म्हणून सांगते, साथीतून उठलात की दूध-तेल आजारी न पडलेल्या माणसाकडून हुंगून घ्या. वास परत येतो, घाबरू नका. हे घरोघरी सांगा. तेवढी वखार सोडून.