साखर कडू लागणारी झुरळं

बोरिवलीची लॅब. उपाशीपोटी शुगर तपासायच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको.

“अहो, पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, आपली झुरळं त्या गोड औषधाला तोंडच लावत नाहीत.”

“शहाणी झाली म्हणायची.”

“शहाणी कसली! काहींना जन्मतःच साखर कडू लागते म्हणे. गोडखाऊ मेली, ही उरली. यांची पिल्लंही तशीच.”

“मग जगतात कशावर?”

“आधी एवढ्याशा खरकट्यावर सगळ्यांची मारामारी. आता सगळं यांनाच.”

“माझ्यात जन्मतः नाही ते, जयंती. माझा काय दोष?”

“मी कुठे दोष दिला? गोडखाऊंचं काय झालं, तेवढं सांगा.”

“खिशात पेढा आहे. घे तुझ्याकडे.”

“एकच?”

“सकाळी दोन होते.”