पावलोसाहेबाची बकरी

तुम्ही पोरं हौसेने डोंगर चढता ना, म्हणून सांगतो. साठ-पासष्ट सालची गोष्ट. शारजात मी पावलोसाहेबाच्या हाताखाली होतो. इटालियन इंजिनिअर, डोलोमाइटच्या डोंगरांत वाढलेला. रोज तेच पुराण, आमची शिखरं आणि आमचा बर्फ. एका शुक्रवारी म्हणाला, "यल्ला, रास अल खैमाचा डोंगर चढू." मला अरबी येतं म्हणून मलाही ओढलं. मी रत्नागिरीचा, खाडीकाठचा. कामाशिवाय चढ चढणं आमच्यात नाही.

माथ्यावर पोचेपर्यंत माझी जीभ बाहेर आली होती. तिथे एक म्हातारा बकऱ्या चारत होता. त्याने विचारलं, "तुमची कधी हरवली?" बकरी हरवल्याशिवाय तिथे वर कोण येणार?

मी साहेबाला सांगितलं. साहेब हसला. "हरवलं काही नाही. सांग त्याला, माझ्या देशातही मी लहानपणापासून दर रविवारी असाच डोंगर चढतो."

मी अरबीत सांगितलं. म्हातारा साहेबाकडे बघतच राहिला. मग हळूच मला म्हणाला, "लहानपणापासून शोधतोय बिचारा?"

उठला, कळपातली एक बकरी ओढत आणली, दोरी साहेबाच्या हातात दिली आणि मला म्हणाला, "खलास. आता त्याला घरी जा म्हणावं."