थोरलीच्या नावचा चेक

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय नरसिंहराव, व्यासपीठावरचे पाहुणे, पुण्याला परत निघालेले आपले वासुदेवराव, आणि बसवनगुडीतल्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार. मी वसुमती. पोळ्या लाटणारीच्या हाती माईक दिलात, तेव्हा स्वल्प सांभाळून घ्या.

वासुदेवराव इंदिरानगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे हिशेब बघतात. आम्ही पाचजणी तिथे दुपारचं जेवण पुरवतो. स्वयंपाक अंबुबाईंच्या घरी, आणि सगळ्यांच्या कामाचा चेकही त्यांच्याच नावे. का? तर त्या थोरल्या, आम्हा सगळ्यांच्या अक्का. अक्कांना डावलून आपण पैसे घ्यावेत, हे आमच्या मनातही आलं नाही. त्या चेक वटवायच्या आणि आम्हाला वाटून द्यायच्या.

पण कंपनीला बिलातून कर कापावा लागतो, आणि कोणाला किती दिले ते सरकारला कळवावं लागतं. त्यामुळे सरकारदरबारी आमच्या अक्का एकट्याच श्रीमंत झाल्या. शहाण्णव साली त्यांना नोटीस आली, एवढी मिळकत असून कराचं विवरण का भरलं नाही? अक्का हादरल्या. म्हणाल्या, "उद्यापासून चूल बंद." चूल बंद म्हणजे आमची पाच घरं बंद, हो.

वासुदेवराव रिक्षा करून आले. नोटिशीचं उत्तर त्यांनीच लिहून दिलं. म्हणाले, "अक्का, यापुढे सेपरेट बिलं करू. जिचं काम तिचा चेक, आणि टॅक्सही तिच्याच नावावर." आम्ही लगेच "सरी, चालेल" म्हटलं. अक्का मात्र उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि वासुदेवराव त्यांच्या मागोमाग.

मी पाणी आणायला गेले, तेव्हा अक्कांचं बोलणं कानावर पडलं. "अरे, पैसे माझ्या हातून मिळतात म्हणून येतात या. उद्या माझ्याकडे कोण येईल?"

वासुदेवराव म्हणाले, "नाही आल्या तर पोळ्या लाटायला मी येतो." त्यांची पोळी मी पाहिली आहे. ती वेळ आली नाही, ही कंपनीवर देवाची कृपा.

वेगळे चेक शनिवारी मिळाले. सोमवारी आम्ही चौघी गेलो, तर अक्का दारातच उभ्या. "पैसे मिळाले ना? मग?"

"मग काय, कणीक कुठे आहे?" मी विचारलं.

अक्का डोळे पुसत आत गेल्या आणि त्या दिवशी आमचा सगळ्यांचा चहा त्यांनीच केला.

वासुदेवराव, तुम्ही आमचे नुसते हिशेब नाही बघितलेत. तुमचे आणि मंडळाचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. मला आता थांबायला हवं. पानं वाढायची आहेत, आणि अक्का कधीच्या हाका मारताहेत.