पाटीवरचं नाव

कलासंग्रहालयाच्या तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते.

"ताई, आत तरी नीट बोल. बाबांची पुस्तकं मी इथल्या ग्रंथालयाला दिली म्हणून ग्रंथपाल स्वतः कपाटं दाखवणार आहेत."

"तू दिलीस? तू रद्दीवाला बोलावला होतास. त्याला दारातून मी परत पाठवलं."

"एवढी चित्रांची जाडजूड पुस्तकं ठेवायची कुठे?"

"बाबांनी जन्मभर ठेवली ना? त्यांच्या खोलीत कधी डोकावलास तरी?"

"बरं बाई, कपाटावरच्या पाटीवर तुझंही नाव घालायला सांगतो."

"म्हणजे तुझं आहे?"

"देणगीदाराचंच असतं."

"आणि बाबांचं?"

भाऊ खिडकीकडे वळला. "दोन तिकिटं द्या."

"एकच द्या," ताईने त्याला बाजूला सारलं. "हे साहेब बाहेरच थांबतील. पुस्तकांशी यांची ओळख नाही."